दर शहराची वेळ वेगळी: अनेक मॅरेथॉन धावायच्या ठरवताना

पहिली मॅरेथॉन पूर्ण झाली की मनात दोन इच्छा एकदमच येतात. आता वेगवेगळ्या शहरांत धावायचं, आणि दर वेळी आधीपेक्षा कमी वेळात धावायचं. दोन्ही इच्छा रास्त आहेत, पण दोन्ही एकाच शर्यतीत बसवायला गेलं की गाडी अडते. मुंबईत जानेवारीत ४ तास ४५ मिनिटांत धावलेला माणूस ऑगस्टमध्ये हैदराबादला '४:३०' ठरवून उतरतो, तिसाव्या किलोमीटरनंतर चालू लागतो आणि आपली तयारीच कमी पडली असं समजून घरी येतो. तयारी बऱ्याचदा पुरेशी असते. चुकलेला असतो तो आकडा, कारण तो दुसऱ्या शहराच्या हवेतून आणि रस्त्यावरून आलेला असतो.

प्रत्येक ठिकाणाची वेळ आधी कशी काढायची, वर्षात किती मॅरेथॉन धावायच्या आणि त्यातल्या कोणत्या जोर लावून धावायच्या, हे इथे क्रमाने दिलं आहे. किमान एक अर्धमॅरेथॉन पूर्ण केलेल्या आणि सलग सहा महिने आठवड्याला २५ ते ३० किलोमीटर धावणाऱ्या वाचकासाठी हा लेख आहे. तेवढा पाया नसेल तर आधी तो घाला, मॅरेथॉन कुठे पळून जात नाहीत. चाळिशी ओलांडली असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर नोंदणीचे पैसे भरण्याआधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या.

पहिली पायरी: आपली पायाभूत वेळ

पायाभूत वेळ म्हणजे सपाट रस्त्यावर, थंड हवेत, पूर्ण तयारीनिशी तुम्हाला ४२.१९५ किलोमीटरला लागेल ती वेळ. ती अर्धमॅरेथॉनवरून काढतात. पीटर रीगल या अमेरिकन अभियंत्याचं सूत्र धावकांमध्ये सर्वाधिक वापरलं जातं. अंतर दुप्पट झालं की वेळ २ च्या १.०६ घाताइतकी, म्हणजे साधारण २.०८५ पट होते, असं ते सांगतं. अर्धमॅरेथॉन २ तास ५ मिनिटांत झाली असेल तर १२५ गुणिले २.०८५, म्हणजे जवळपास २६१ मिनिटं, ४ तास २१ मिनिटं.

हे सूत्र आठवड्याला ७०-८० किलोमीटर धावणाऱ्याला बरोबर लागू पडतं. नवोदित आठवड्याला ४०-५० किलोमीटर धावतो, त्याच्या पायांना शेवटचे बारा किलोमीटर सूत्रापेक्षा महाग पडतात. म्हणून पहिल्या दोन-तीन मॅरेथॉनना साधा हिशेब धरा: अर्धमॅरेथॉनची दुप्पट अधिक २० मिनिटं. वरच्या धावकासाठी ४ तास ३० मिनिटं. याच धावकाचं उदाहरण पुढे चालवू.

इथे एक चूक वारंवार होते. ती अर्धमॅरेथॉन कुठे धावली होती? मुंबईच्या दमट हवेत २:०५ झाली असेल, तर त्या आकड्यात उकाडा आधीच मिसळलेला आहे. त्यावरून मुंबईची पूर्ण मॅरेथॉन काढताना उकाड्याची सूट पुन्हा द्यायची नाही. उलट पुण्यात डिसेंबरच्या गारव्यात २:०५ धावलात आणि निघालात मुंबईला, तर ती द्यायलाच हवी. शिवाय आकडा ताजा हवा, गेल्या तीन महिन्यांतला. दोन वर्षांपूर्वीची सर्वोत्तम वेळ ही आठवण आहे, तिच्यावरून लक्ष्य ठरत नाही.

वेळेवरून पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, काढून ठेवा. ४:०० साठी किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद, ४:१५ साठी ६:०३, ४:३० साठी ६:२४, ४:४५ साठी ६:४५, ५:०० साठी ७:०७, ५:३० साठी ७:४९ आणि ६:०० साठी ८:३२.

आता घड्याळाचा घोटाळा. शर्यतीचा मार्ग वळणांच्या आतल्या कडेने, कमीत कमी अंतर धरून मोजतात, आणि तो चुकूनही कमी भरू नये म्हणून हजारात एक इतका जास्त आखतात. तुम्ही गर्दीतून डावी-उजवीकडे सरकत धावता, त्यात उंच इमारतींमध्ये जीपीएस भरकटतं. शेवटी घड्याळ ४२.६ ते ४२.८ किलोमीटर दाखवतं. ४:४५ हवे असतील आणि घड्याळावर ४२.७ भरणार असतील, तर घड्याळाचा पेस ६:४५ नव्हे तर ६:४० दिसायला हवा. हे पाच सेकंद न धरल्यामुळे अनेकांचं लक्ष्य तीन-चार मिनिटांनी हुकतं आणि ते आयोजकांना दोष देतात. सोपा उपाय असा: दर ५ किलोमीटरच्या फलकाला किती वाजायला हवेत ते मनगटावर चिकटपट्टीवर लिहा आणि फलकावरच हिशेब तपासा.

दुसरी पायरी: शहराची बेरीज

मॅरेथॉनसाठी सर्वांत सोयीची हवा साधारण ८ ते १२ अंशांची. त्यावर पारा चढत गेला की शरीर रक्ताचा मोठा वाटा त्वचेकडे, स्वतःला थंड करायला पाठवतं. स्नायूंना कमी उरतं आणि त्याच पेसला नाडी वाढते. हवा दमट असेल तर घाम वाळत नाही, म्हणजे थंड करायची सोयही अर्धवट चालते. हा फटका पाच तास धावणाऱ्याला अडीच तास धावणाऱ्यापेक्षा जास्त बसतो, कारण तो उन्हात दुप्पट वेळ असतो. पुढचे टक्के, म्हणजे पायाभूत वेळेत किती भर घालायची ते, नवोदितांनी धरायचे ढोबळ अंदाज आहेत. पहिल्या अनुभवानंतर ते स्वतःच्या नोंदींवरून सुधारायचे.

मुंबई. जानेवारीतला तिसरा रविवार, पहाटे पाचला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुरुवात. पहिले दीड-दोन तास हवा फसवी असते. अंधार, समुद्राचा वारा, रस्त्याच्या दोन्ही कडांना ओरडणारे लोक, यात वेग नकळत किलोमीटरमागे वीस सेकंदांनी वाढतो. आठ वाजता ऊन लागतं आणि पाच तासवाल्याचे शेवटचे सोळा-सतरा किलोमीटर त्या उन्हात जातात. पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, पस्तिसावा किलोमीटर उलटल्यावर समोर येतो. तो चढ म्हणून फार मोठा नाही, पण नको त्या वेळी येतो. तिथे पेस किलोमीटरला ३०-४० सेकंदांनी घसरू द्या, पावलं छोटी ठेवा, हात हलवत राहा आणि माथ्यावर पोचल्यावर लगेच वेग वाढवू नका. मार्गात अधूनमधून बदल होतात, म्हणून त्या वर्षीचा नकाशा पाहूनच आखणी करा. मुंबईसाठी पाच ते सहा टक्के धरा. आपला ४:३० चा धावक इथे ४:४५ चा.

दिल्ली. फेब्रुवारीतली मॅरेथॉन सपाट आणि गार. देशात वेळ काढायला यापेक्षा सोयीची मोठी शर्यत शोधणं कठीण आहे. इथे पायाभूत वेळ जशीच्या तशी, ४:३०. धोका एकच: पहाटेच्या थंडीत तहान लागत नाही, म्हणून पाणी प्यायचं राहून जातं. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी हवेच्या प्रदूषणाचा आकडा आदल्या दिवशी बघावा आणि तो वाईट असेल तर वेळेचा विचार सोडावा.

हैदराबाद. ऑगस्टचा शेवट, पावसाळी दमटपणा आणि नेकलेस रोडवरून गचिबावलीकडे जाताना एकामागून एक उड्डाणपूल. एकेक पूल किरकोळ वाटतो, सगळे मिळून मांड्या दमवतात. चढाचा ढोबळ हिशेब असा की एकूण दर १०० मीटर चढाईमागे एक ते दीड मिनिट जातं, उतारावरची परतफेड धरूनही. उष्णतेचे सात-आठ टक्के आणि वर चढाची मिनिटं मिळून आपला धावक ४:५५ चा. पेस सातच्या आसपास. वर ज्याचा उल्लेख केला तो ४:३० चा हट्ट म्हणजे किलोमीटरमागे पस्तीस सेकंदांचं कर्ज.

सातारा. इथली हिल मॅरेथॉन अर्धी आहे, २१ किलोमीटर. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला वळायचं आणि परत उतरायचं. इथल्या वेळेवरून पायाभूत वेळ काढू नका, सपाटीपेक्षा १५ ते २५ मिनिटं जास्त लागणं स्वाभाविक आहे. पण मुंबईच्या तयारीत सप्टेंबरच्या आसपास हा घाट एकदा धावून घेणं फार उपयोगी. उतरताना पाय जमिनीवर आपटू नका. मांड्यांच्या पुढच्या स्नायूंना त्या आपटण्यानेच इजा होते, आणि दोन दिवसांनी जिना उतरता येत नाही तो चढामुळे नव्हे, उतारामुळे.

लडाख. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब, आणि म्हणून दर श्वासातला प्राणवायू, समुद्रसपाटीच्या जवळपास दोन तृतीयांश. शर्यतीच्या आधी सात ते दहा दिवस पोचा. पहिले दोन दिवस धावणं सोडाच, भरभर जिनेही चढू नका. तिसऱ्या दिवसापासून चालणं, पाचव्यापासून २०-३० मिनिटं हळू धावणं. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं ही विरळ हवेच्या त्रासाची लक्षणं आहेत. ती वाढत गेली, चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्याजागी धाप लागली तर खाली उतरणं हाच उपाय, शर्यतीचा विचार तिथेच संपतो. त्रास टाळण्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. वेळेत १५ ते २५ टक्के वाढ धरा: आपला धावक ५:१० ते ५:४० च्या मध्ये कुठेतरी. खरं तर लेहला घड्याळ पेससाठी न बघता नाडीसाठी बघावं.

तिसरी पायरी: वर्षाची मांडणी

वर्षात दोन मॅरेथॉन जोर लावून धावा, त्याहून जास्त नाही. दोघींमध्ये किमान १६ आठवडे ठेवा. आणखी शहरं हवीच असतील तर एक-दोन 'फिरस्तीच्या' घ्या. त्या पायाभूत वेळेपेक्षा ३० ते ४५ मिनिटं जास्त घेऊन, गप्पा मारता येतील अशा पेसने पूर्ण करायच्या. त्यांचं लक्ष्य आधी लिहून ठेवायचं, नाहीतर पाचव्या किलोमीटरला बाजूचा धावक पुढे गेला की मोह होतो. अशा दोन मॅरेथॉनमध्येही किमान चार आठवडे हवेत.

महाराष्ट्रातल्या धावकाला सर्वांत मोठा मोह होतो तो हिवाळ्यात. डिसेंबरमध्ये वसई-विरार, त्याच महिन्यात १९८३ पासून चालत आलेली पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन, जानेवारीत मुंबई, फेब्रुवारीत दिल्ली. सगळ्या जवळ, सगळ्या ओळखीच्या, आणि ग्रुपमधले कुणी ना कुणी प्रत्येकीला जाणारच. यातली एकच लक्ष्याची. मुंबई आणि दिल्ली यांच्यात साधारण पाच आठवडे असतात. चांगली वेळ हवी असेल तर दिल्ली लक्ष्याची ठेवून मुंबईत अर्धमॅरेथॉन धावा, किंवा मुंबई लक्ष्याची ठेवून दिल्ली सोडा. दोन्हीकडे जीव तोडून धावलेल्यांच्या मार्चमध्ये टाचा आणि गुडघे बोलू लागतात.

तयारी कोणत्या ऋतूत पडते हे शर्यतीच्या तारखेइतकंच महत्त्वाचं. अठरा आठवडे मागे मोजा. मुंबईसाठी सुरुवात सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येते आणि मधे नवरात्र, दिवाळी. दिवाळीच्या आठवड्यात लांब धावणं ठेवू नका, तो आठवडा मुद्दाम हलका आखा. मग फराळाचा अपराधीपणा नाही आणि पायांना विश्रांती मिळते. हैदराबादची तयारी एप्रिलच्या शेवटी सुरू होते. नागपूर, अकोला, परभणीकडच्या धावकाला मे महिन्यात तीन तास धावणं म्हणजे पहाटे चारच्या आत घराबाहेर पडणं. ते जमणार नसेल तर पहिली लक्ष्याची मॅरेथॉन हिवाळ्यातलीच घ्या. कोकण आणि पुण्याच्या पश्चिमेला पावसाळ्यात अडचण वेगळी. ओल्या मोज्यांनी फोड येतात, म्हणून बोटांमध्ये आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला पेट्रोलियम जेली लावा आणि बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरा.

चौथी पायरी: अठरा आठवडे

आठवड्याला चार दिवस धावणं, दोन दिवस ताकदीचे व्यायाम, एक दिवस पूर्ण सुट्टी. मंगळवारी वेगाचं काम, बुधवारी सहज ६-८ किलोमीटर, शुक्रवारी मध्यम १०-१२, रविवारी लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सर्वांत लांब धावणं. सहज म्हणजे मॅरेथॉनच्या पेसपेक्षा किलोमीटरला ६० ते ९० सेकंद हळू, पूर्ण वाक्य बोलता येईल असं. बहुतेक नवोदित सहज धावण्याच्या दिवशी जास्त वेगात आणि वेगाच्या दिवशी दमल्यामुळे कमी वेगात धावतात. त्यामुळे दोन्हींचा फायदा जातो.

लाँग रन १६ किलोमीटरपासून सुरू करून दर आठवड्याला दोन-दोनने वाढवा, दर चौथ्या आठवड्याला एक तृतीयांश कमी करा. सर्वांत लांब ३० ते ३२ किलोमीटर, शर्यतीच्या तीन आठवडे आधी. पण साडेतीन तास झाले की किलोमीटर कितीही भरलेले असोत, थांबा. त्यापुढे फायदा फारसा वाढत नाही, इजा मात्र वाढते. शेवटच्या तीन लाँग रनमधले मधले ८ ते १२ किलोमीटर त्या शहरासाठी ठरवलेल्या पेसने धावा. इथे तो पेस जड वाटला तर शर्यतीत हलका होणार नाही. लक्ष्य आत्ताच दहा मिनिटांनी वाढवा.

शेवटचे तीन आठवडे टेपर, म्हणजे धावणं कमी करत नेणं: नेहमीच्या अंतराच्या पाऊण, मग निम्मं, मग एक तृतीयांश. या काळात पाय जड वाटतात, नसलेली दुखणी जाणवतात. हे नेहमीचंच आहे. राहिलेला लाँग रन भरून काढायला जाऊ नका.

खाणं: जिथे सर्वाधिक मॅरेथॉन बिघडतात

धावताना शरीर किलोमीटरला वजनाच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी खर्च करतं. ६५ किलोच्या माणसाला पूर्ण अंतराला २,७०० च्या पुढे लागतात. स्नायू आणि यकृतात साठवलेली साखर मात्र साधारण २,००० कॅलरींची. चरबीचा इंधन म्हणून वापर होतो, पण तिचा वेग कमी. म्हणून तिसाव्या किलोमीटरनंतर अचानक पाय शिशाचे होतात. जास्त वेगाने सुरुवात केली तर साखर आणखी लवकर संपते. उपाय दोन: भरून निघणं आणि वाटेत भरत राहणं.

आपल्याकडे खास लक्ष द्यायची गोष्ट म्हणजे शनिवारचा उपवास. शनिवारी एकभुक्त राहून रविवारी पहाटे २८ किलोमीटर धावायला निघालेल्याची टाकी सुरुवातीलाच अर्धी असते. उपवास मोडायचा नसेल तर लाँग रन सोमवारच्या पहाटेवर न्या, किंवा शनिवारी रताळी, केळी, खजूर, वरीचे तांदूळ पोटभर घ्या. साबुदाण्याची खिचडी चालते, पण दाण्याचं कूट आणि तूप निम्मं करा. स्निग्ध पदार्थ पोटात रेंगाळतात.

शर्यतीच्या आधीचे दोन दिवस वजनाच्या दर किलोमागे ७ ते १० ग्रॅम कर्बोदकं. ६५ किलोला किमान ४५० ग्रॅम. भात, पोळी, बटाटा, गूळ, केळी यांतून ते जमतं. भाकरी, उसळी, कोशिंबिरी या एरवी उत्तम गोष्टी या दोन दिवसांत कमी करा, त्यातला चोथा शर्यतीत पोट हलवतो. परक्या शहरात 'इथलं प्रसिद्ध' म्हणून काहीही खाऊ नका. हैदराबादची बिर्याणी शर्यतीनंतर.

सकाळचा नाश्ता सुरुवातीच्या अडीच-तीन तास आधी: कमी तेलाचे पोहे किंवा जॅम लावलेले ब्रेडचे तीन-चार तुकडे आणि एक केळं. मुंबईत पाचला सुरुवात म्हणजे दोन-अडीचला उठणं आलं. हे लाँग रनच्या दिवशी तीन-चार वेळा करून बघा, पहिला प्रयोग शर्यतीच्या पहाटे नको.

धावताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. एका जेलमध्ये, म्हणजे धावता धावता घ्यायच्या घट्ट गोड द्रवाच्या छोट्या पाकिटात, साधारण २२ ते २५ ग्रॅम असतात, म्हणून पहिलं ४० व्या मिनिटाला आणि पुढे दर ४० मिनिटांनी. पाच तासांसाठी सहा-सात जेल. ते कमरेच्या पट्ट्यात स्वतःचे ठेवा, वाटेतल्या केंद्रावर अवलंबून राहू नका. जेलबरोबर पाणीच प्या, गोड पेय नको, नाहीतर मळमळतं. भूक लागल्यावर किंवा दमल्यावर पहिलं जेल घेतलं तर उशीर झालेला असतो.

पाण्यासाठी स्वतःचा घाम मोजा. एक तास धावण्याआधी आणि नंतर कोरड्या अंगाने वजन करा. ६८.० चे ६७.१ झाले आणि मधे ३०० मिली प्यायलात, तर घाम तासाला १.२ लिटर. यातलं निम्मं ते दोन तृतीयांश परत भरलं तरी पुरेसं. जास्त पिण्याचा धोका खरा आहे. पाच-सहा तास दर केंद्रावर भरपूर साधं पाणी पिणाऱ्याच्या रक्तातलं सोडियम पातळ होतं. मग बोटं सुजतात, उलटी, गोंधळलेपण आणि फिट येण्यापर्यंत मजल जाते. मुंबई-हैदराबादसारख्या ठिकाणी ओआरएस किंवा मिठाच्या गोळ्या ठेवा. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या पाण्याच्या मापातच मिसळा, कमी पाण्यात नाही. त्यात साखर थोडीच असते, म्हणून ते जेलची जागा घेत नाही. वेदनाशामक गोळ्या, विशेषतः आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक, शर्यतीच्या दिवशी टाळा. घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात त्या मूत्रपिंडांना इजा करू शकतात.

प्रवास आणि शर्यतीची पहाट

रविवारच्या शर्यतीसाठी शुक्रवारी पोचा. बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, सहसा एक्स्पोत, म्हणजे शर्यतीच्या आधी भरणाऱ्या प्रदर्शनात, आधीच घ्यावा लागतो. मूळ ओळखपत्र, नोंदणीचा मेल आणि मागितलं असल्यास डॉक्टरांचं प्रमाणपत्र बरोबर ठेवा. मोठ्या शर्यतींत कोणत्या गटातून सोडायचं हे आधीच्या वेळेच्या प्रमाणपत्रावर ठरतं, ते नोंदणीच्या वेळीच जोडा. धावायचे बूट, मोजे, कपडे आणि जेल विमानात हातातल्या पिशवीत. बूट १५० ते २५० किलोमीटर वापरलेले असावेत, कोरे नको आणि झिजलेले नको. एक्स्पोत फिरण्यात दुपार घालवू नका, तासाभरात बाहेर पडा. मुक्काम सुरुवातीच्या जागेपासून चालत जाण्याइतका जवळ असावा. पहाटे रस्ते बंद असतात आणि रिक्षा-टॅक्सी अडकतात.

तीन वेळा लिहून ठेवा. अ: सगळं जुळलं तर. ब: शहराच्या हिशेबाने निघालेली. क: कट-ऑफच्या, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या मुदतीच्या आत, शाबूत पायांनी. मुंबईत आपल्या धावकाचं अ ४:३८, ब ४:४५, क ५:१५. आता निर्णयाच्या जागा ठरवा. पहिले ५ किलोमीटर ब च्या पेसपेक्षा ५ ते १० सेकंद हळू. दहाव्याला विचारा: श्वास बोलण्याजोगा आहे का? नसेल तर तिथेच क कडे वळा, अठ्ठाविसाव्याला नाही. एकविसाव्याला ब वर असाल आणि नाडी लाँग रनइतकीच असेल तर तसंच चालू ठेवा. अ चा विचार फक्त बत्तिसाव्यानंतर. दोन अर्ध्यांमधला फरक तीन-चार मिनिटांत राहिला तर आखणी बरोबर होती. पंधरा मिनिटांचा फरक म्हणजे सुरुवात वेगात झाली किंवा खाणं चुकलं.

पेसरची बस, म्हणजे ठराविक वेळेचा झेंडा घेऊन धावणारा गट, उपयोगी असते. पण त्यात शिरण्याआधी पेसर सलग धावणार आहे की मधे चालणार, हे विचारा. पाच तासांपुढच्या लक्ष्याला 'नऊ मिनिटं धाव, एक मिनिट चाल' ही पद्धत पहिल्या किलोमीटरपासून वापरली तर चांगली चालते. दमल्यावर सुरू केलेलं चालणं थांबत नाही.

अंगावर शहारे, घाम अचानक बंद, चक्कर, छातीत दाब, जीभ अडखळणं: यातलं काहीही झालं तर बाजूला व्हा आणि स्वयंसेवकाला हाक मारा.

शर्यतीनंतर

पहिला आठवडा धावणं नाही, फक्त चालणं. दुसऱ्यात २०-३० मिनिटं दोन-तीनदा. तिसऱ्यात नेहमीच्या निम्मं, चौथ्यात पाऊण. स्नायूंचं दुखणं चार-पाच दिवसांत जातं, पण स्नायू हाडांना जोडणाऱ्या कंडरा आणि हाडं सावरायला आणखी आठवडे लागतात, आणि नेमक्या त्या काळात धावक पुढची नोंदणी करतो. सकाळी उठल्यावरची नाडी आठवडाभर नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी जास्त असेल तर शरीर भरून आलेलं नाही. हाडावर एका बोटाच्या टोकाएवढ्या जागी दुखत असेल आणि त्या पायावर उडी मारली की कळ येत असेल, तर धावणं त्याच दिवशी थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीला हाडाला पडलेली अशी बारीक चीर साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून एमआरआय लागू शकतो.

परदेशातल्या मॅरेथॉन

टोकियो, बोस्टन, लंडन, बर्लिन, शिकागो, न्यूयॉर्क आणि २०२५ पासून सिडनी, या सात शर्यतींना मेजर म्हणतात. बोस्टन सोडून बाकींत बहुतेक नवोदितांना सोडत किंवा धर्मादाय संस्थेमार्फत प्रवेश मिळतो. बोस्टनला वयानुसार पात्रतेची वेळ लागते. २०२६ च्या शर्यतीसाठी १८ ते ३४ वयाच्या पुरुषांना २:५५ आणि स्त्रियांना ३:२५ होती. नुसती ती गाठूनही भागलं नाही, त्या वर्षी आणखी ४ मिनिटं ३४ सेकंद कमी लागले. प्रवेश लागल्याच्या दिवशी व्हिसाच्या मुलाखतीची तारीख शोधायला घ्या, विशेषतः अमेरिकेची.

बर्लिन आणि शिकागो सपाट आहेत, तिथे पायाभूत वेळ धरा, आणि महाराष्ट्रात घाम गाळून तयारी केली असेल तर त्याहून पाच-सात मिनिटं कमीही चालतील. बोस्टनचा मार्ग एकंदर उताराचा असला तरी सुरुवातीचा उतार मांड्या खातो आणि न्यूटनचे चढ तिसाव्या किलोमीटरच्या आगेमागे येतात, तिथे घाई करू नका. न्यूयॉर्कला पाच पूल आहेत आणि स्टेटन आयलंडवर थंडीत काही तास थांबावं लागतं. टाकून देता येईल असा जुना स्वेटर घाला आणि दुसरा नाश्ता बरोबर न्या. ही शर्यत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी असते आणि त्याच पहाटे तिथली घड्याळं एक तास मागे जातात, गजर तपासा. वेळेच्या फरकाला साधारण दर तासामागे एक दिवस लागतो. बर्लिन-टोकियोला तीन-चार दिवस आधी पोचणं पुरेसं, अमेरिकेला निदान पाच.

नोंदवही

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी, आठवणी ताज्या असताना एक पान भरा. ठिकाण, तारीख, सुरुवातीचं आणि शेवटचं तापमान, दमटपणा, एकूण चढाई, दर ५ किलोमीटरची वेळ, कोणत्या मिनिटाला काय खाल्लं, किती प्यायलं, पेस पहिल्यांदा कुठे घसरला आणि त्या वेळी नाडी किती होती. शेवटी एक आकडा काढा: प्रत्यक्ष वेळ पायाभूत वेळेपेक्षा किती टक्के जास्त लागली. चार-पाच शहरांची पानं झाली की वर दिलेले टक्के खोडून त्या जागी तुमचे स्वतःचे लिहा. कुणाला दमटपणा तीनच टक्क्यांना पडतो, कुणाला नऊ. मुंबईत ७ टक्के आणि हैदराबादमध्येही ७ टक्के निघाले, तर वेळ तितकीच लागलेली असूनही हैदराबादची धाव अधिक चांगली झाली, कारण तिथला रस्ता कठीण होता. पुढच्या शहराचं ब लक्ष्य याच पानावरून काढा.